नव जाईतोवर

मिरज स्टेशनात हुबळीच्या गाडीत चढताना माझा डावा पाय आधी पडला. उतरून पुन्हा उजवा टाकावा का, या विचारात मी दारातच उभी राहिले. मागून कुणीतरी "बाई, चढा की" म्हणून वैतागलं, तेव्हा कुठे आत गेले. एरवी मी असलं काही मानणाऱ्यांतली नाही. माझी आधीची प्रवासवर्णनं ज्यांनी वाचली असतील त्यांना ठाऊक आहे, की देवळं मी खांब बघायला जाते आणि देवाचं नि माझं फारसं बोलणं नाही. पण या खेपेला मी काही बघायला निघाले नव्हते.

आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांकडे ट्रंक कॉल आला होता. शैलाला दवाखान्यात ठेवलंय, तुम्ही या, एवढं जावयांचं बोलणं ऐकू आलं आणि पुढचं सगळं खरखरीत बुडालं. शैला माझी एकुलती एक लेक, हुबळीला दिलेली. तिच्या सासरची माणसं मूळची आमच्याच भागातली, पण पणजोबा व्यापारासाठी तिकडे गेले ते तिकडचेच झाले. बाजारात भांड्यांचं दुकान आहे. घरात मराठी, दुकानात कानडी आणि भांडताना दोन्ही, असं त्यांचं चालतं. शैलाही त्यात इतकी मुरली, की माहेरी आली तरी झोपेत कानडी बडबडते.

खरखरीत बुडालेलं ते पुढचं वाक्य काय असेल, हे मी रात्रभर शंभर तऱ्हांनी जुळवून पाहिलं होतं. शैलाचे वडील काही वर्षांपूर्वी ऑपरेशनसाठी आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. आत जाताना माझ्याकडे चष्मा देऊन गेले होते. 

तेव्हा गाडी मीटर गेजची होती आणि घाईत असलेल्या माणसाचा अंत पाहणारी होती. बेळगाव गेलं, लोंढा आलं. लोंढ्यानंतरचं जंगल फार सुंदर आहे असं मीच पूर्वी कुठेतरी लिहिलंय. त्या दिवशी खिडकीबाहेर नुसती झाडं होती आणि ती संपत नव्हती. समोरच्या बाकावर इरकली नेसलेली एक बाई बसली होती. तिने फडकं सोडून कडक जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी) आणि शेंगाचटणी काढली. काही न विचारता अर्धी माझ्या हातावर ठेवली. माझा घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला, तशी तिने हळूच विचारलं, "यारिगे आरामिल्ल?"

आराम शब्द आपलाच आणि इल्ल म्हणजे नाही, हे मला शैलामुळे माहीत होतं. कुणाला आराम नाही, म्हणजे कुणाला बरं नाही, असं ती विचारत होती. मी म्हटलं, मुलीला. तिने हात जोडून कपाळाला लावले. शब्द कळल्याचं तेवढ्या दुःखातही मला बरं वाटलं. कानडी काय, निम्मी आपलीच भाषा आहे, असा माझा समज झाला. तो समज पुढे मला चांगलाच भोवला.

हुबळीला जावई उभे होते. दाढी वाढलेली, शर्टाची गुंडी चुकीच्या काजात. रिक्षात त्यांनी सांगितलं, की शैलाच्या पित्ताशयात खडे झालेत आणि एक खडा नळीत अडकलाय, त्यामुळे कावीळ आणि ताप. दवाखाना देशपांडे नगरात होता. आजूबाजूला डॉक्टरांच्या पाट्याच पाट्या, औषधांची दुकानं आणि बाहेर गाड्यावर गिरमिट (मसाला लावलेले चुरमुरे) खाणारी माणसं. लोक मजेत खात होते याचा मला राग आला.

शैलाला पाहिलं आणि मी दारातच थबकले. हळदीच्या दिवशीही ती इतकी पिवळी नव्हती. डोळ्यांचं पांढरं पिवळं, नखं पिवळी. कळ आली की ती गुडघे पोटाशी घेऊन तोंडात पदर कोंबायची, म्हणजे बाहेर आवाज जायला नको. कळ गेली की पुढचीची वाट पाहायची. मला ते वाट पाहणंच जास्त बघवत नव्हतं.

डॉक्टर मिरजेत शिकलेले असल्यामुळे मराठी छान बोलत. ताप थोडा उतरू दे, परवा सकाळी नऊला ऑपरेशन करू, असं म्हणाले. धोका आहे का, असं विचारल्यावर त्यांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, आणि आहे म्हणाले. मग बराच वेळ ते आणखी काही समजावत होते. मला त्यातलं फक्त "आहे" आठवतं.

माझ्या विहीणबाईंना सगळं घर, त्यांचे स्वतःचे मुलगेसुद्धा, अक्का म्हणतात. अक्कांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, की धारवाडला तुंगाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत. आजाऱ्यासाठी स्तोत्र म्हणतात, दुसरं काही देत नाहीत, घेत नाहीत. तुम्ही आई आहात, तुम्हीच जाऊन यावं. मी म्हटलं, स्तोत्राने खडा कसा विरघळायचा? अक्का आत शैलाजवळ जाऊन बसल्या. त्यांनी वाद घातला असता तर मी गेले नसते.

मला पाठवलं ते शैलाने. दोन कळांच्या मधल्या वेळात तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "आई, बाबांसारखं नाही ना होणार?"

 मी पायांत चपला घातल्या आणि धारवाडची बस धरली.

हुबळी ते धारवाड हा अगदी ओळखीचा रस्ता. उणकलचं तळं लागतं, नवलूरला पेरूच्या टोपल्या घेऊन बायका बसच्या खिडकीशी येतात. धारवाड जवळ आलं की हवा गार होते, माती तांबडी होते, आणि बसमधले लोक हुबळीपेक्षा हळू आवाजात बोलायला लागतात. एकाने मला पेरू पुढे केला आणि मी तो घेऊन नुसता मांडीवर ठेवला. घाबरट माणसाचं होतं तेच माझं झालं, नको त्या थांब्यावर उतरले. विचारत विचारत सुभाष रोडला पोचले तर गर्दीत चपलेचा अंगठा तुटला. रस्त्याकडेच्या चांभाराने चपलेला टाका घालता घालता विचारलं, कुठे जायचं? तुंगाबाईंकडे म्हटल्यावर त्याचा हात थांबला. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि टाका जरा जास्तच घट्ट घातला. तिच्याकडे कोण जातं, हे त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं आणि मी आता त्यांच्यातली एक होते.

गल्लीच्या टोकाला बैठं कौलारू घर. दारात चपलांचा ढीग. आत ओट्यावर पाच-सहा माणसं गप्प बसलेली, आणि त्यांच्यामध्ये तांबडं आलवण नेसलेली, काडीसारखी एक म्हातारी. ती स्तोत्र म्हणत होती. त्यात गाणं नव्हतं, आर्जव नव्हतं. जात्यावर दळण पडावं तसा एका लयीचा आवाज. एक माणूस लहान मुलाचा सदरा मांडीवर घेऊन बसला होता आणि तिचा श्वास तुटला की त्याची बोटं सदऱ्यावर आवळत. त्या सदऱ्याकडे पाहून मला एकदम पळून जावंसं वाटलं.

माझी पाळी आली. तिने नाव विचारलं, गोत्र विचारलं, दुखतं कुठे ते विचारलं. बाकी एक अक्षर विचारलं नाही. मग कोणतं स्तोत्र म्हणायचं ते सांगितलं. मी चाटच पडले, कारण ते माझ्या आईने दिवेलागणीला माझ्याकडून शेकडो वेळा म्हणवून घेतलेलं, घराघरांत असतं तेच मारुतीचं स्तोत्र होतं. मला काहीतरी गूढ, दुर्मीळ मिळेल असं वाटलं होतं. तेच का, असं मी विचारलं. ती म्हणाली, तेच. मी इथे म्हणते, पण त्याला तुमचंही तोंड लागायला हवं. तिची मराठी मोडकी होती, कानडीच्या वळणाची. मी उठायला लागले तेव्हा तिने माझा हात धरला आणि एकेक शब्द तोडून म्हणाली,

"नव जाईतोवर सोडू नका. नव गेलं, की मग भ्या नाही."

 आमच्याकडे सांगली-मिरजेच्या बाजूला कितीतरी माणसं नऊला नव म्हणतात. आणि ऑपरेशन नऊला आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. गल्लीत, बसमध्ये, चांभारापाशी, कुठेही मी ते बोलले नव्हते. तिला कसं कळलं? सकाळचेच ना, असं विचारायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात पुढचा माणूस पुढे सरकला आणि मी बाहेर आले.

सुभाष रोडवर पेढ्यांचे खवेदार वास सुटले होते. एका दुकानदाराने "अक्का, बर्री" (ताई, या) म्हणून नमुन्याचा पेढा पुढे केला. मी हात मागे घेतला. पेढे कशाचे म्हणून घ्यायचे? धारवाडला जाऊन पेढे न घेता परतलेली मी बहुधा पहिलीच बाई असेन. परतीच्या बसमध्ये बसल्याबसल्या ओठ हलवायला सुरुवात केली, आणि चाळीस वर्षांनी ते स्तोत्र एका अक्षराची चूक न करता बाहेर आलं. याचीही मला भीतीच वाटली.

ती संध्याकाळ आणि पुढचा सगळा दिवस मी ते म्हणत होते. चहाचा घोट घ्यायला थांबले तरी मनात चालूच. शैला कळ आली की माझा आवाज ऐकून डोळे मिटायची, कधी ठरावीक ओळीला तिचे ओठही हलायचे. दुखणं कमी झालं नाही. पण मला आता एक कुंपण दिसत होतं. सकाळचे नऊ हे ते कुंपण. त्याच्या अलीकडे सगळं भय, पलीकडे काही नाही. देवाशी न बोलणारी मी त्या एका शब्दावर पाय रोवून उभी राहिले होते, कारण तो शब्द तिला कळायचं काही कारणच नव्हतं.

त्या सकाळी नऊला थोडा अवकाश होता तेव्हा शैलाला नेलं. कानातलं, बांगड्या, मंगळसूत्र काढून अक्कांच्या ओटीत दिलं होतं. स्ट्रेचर वळणावर गेलं आणि तिचा उघडा हात मला शेवटचा दिसला. मी व्हरांड्यातल्या घड्याळाखाली बसले आणि म्हणू लागले. काटा हलत नव्हता, ओळी एकमेकींवर चढत होत्या. मग नऊ वाजले. मी चालू ओळ पुरी केली, हात जोडले आणि थांबले.

वाचकांना खोटं वाटेल, पण माझी भीती खरोखर गेली. दात दुखायचा थांबतो तशी एकदम गेली. अक्कांनी विचारलं, का थांबलात? मी म्हटलं, झालं आता, काही काळजी नाही. समोरच्या हॉटेलातून इडली मागवली आणि खाल्ली. त्यांनाही आग्रह केला. बऱ्याच वेळाने एक नर्स धावत बाहेर आली आणि जावयांच्या हातात चिठ्ठी देऊन रक्ताची बाटली आणायला सांगितलं. जावयांचा चेहरा कागदासारखा झाला, ते जिना उतरताना भिंतीला धरत होते. अक्का पदराने तोंड झाकून बसल्या. आणि मी, लेकीची आई, मांडीवर हात ठेवून शांत बसले होते. "घाबरू नका," मी जावयांना म्हटलं, "वेळ टळलेली आहे." ते माझ्याकडे, माणूस भ्रमिष्टाकडे बघतो तसं बघत गेले. दुसरी बाटली मागवली तेव्हाही मी हलले नाही.

दुपारी तिला बाहेर आणलं. नाकात नळी, पोटाशी नळी, ओठ पांढरे. डॉक्टर म्हणाले, अवघड होतं, मध्ये एकदा फारच अवघड झालं होतं, पण निभावलं. मी मान डोलावली, जणू मला ते आधीच माहीत होतं. नर्स शैलाच्या गालावर चापट्या मारत तिला कानडीत हाका मारत होती. तिच्या पापण्या हलल्या. ओठ हलले. मी वाकून कान जवळ नेला.

"नोव," ती म्हणाली. "नोव… नोव…"

माझे डोळे भरून आले. माझ्या पोरीलाही कळलं होतं तर. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला. "हो गं बाळा, गेले. नऊ केव्हाच वाजून गेले. आता भ्यायचं नाही."

अक्कांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "विहीणबाई, ती वेळ नाही हो विचारत. नोव म्हणजे दुखणं. दुखतंय म्हणते पोर."

 मग धारवाडची ती म्हातारी एकेक शब्द तोडून बोलताना पुन्हा ऐकू आली. दुखणं जाईतोवर सोडू नका. दुखणं गेलं, की मग भ्या नाही. तिला नऊचं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं ते कुणीही सांगितलं असतं. कुंपण नव्हतंच कुठे. पहिली बाटली, दुसरी बाटली, जावयांचं ते भिंत धरून उतरणं, "मध्ये एकदा फारच अवघड" या शब्दांच्या पोटात काय होतं ते सगळं, जे मी इडली खात बसून चुकवलं होतं, ते एकदम माझ्यावर कोसळलं.  माझी मुलगी आत मरणाच्या दारात होती आणि मी सोडलं होतं. सोडू नका एवढंच सांगितलेलं असताना सोडलं होतं.

मी खाटेचा गज धरून खाली बसले आणि म्हणायला तोंड उघडलं. एक अक्षर आठवेना. सकाळपर्यंत पाण्यासारखं वाहत होतं, त्याची पहिली ओळसुद्धा नाही. शैला कण्हत होती आणि मी नुसती ओठ हलवत होते. अक्कांना कळलं असावं. त्यांनी पहिली ओळ सुरू केली, त्यांच्या कानडी हेलात, ळ वर जोर देत. दुसऱ्या ओळीला मला सापडलं. मग आम्ही दोघी म्हणत राहिलो. घड्याळाकडे मी पाहिलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. ताप चढला की सगळे गप्प, उतरला की सगळे एकदम बोलायला लागत. नळीतून काय आलं, किती आलं, कोणत्या रंगाचं आलं, यावर आमचं घर हसत नि रडत होतं. डॉक्टरांनी छोट्या बाटलीत घालून खडे दाखवले, तुरीच्या डाळीएवढे. शैलाला बसता यायला लागलं तेव्हा मी तिला नवाची गोष्ट सांगितली. ती पोटावर उशी दाबून हसली. टाके दुखतात, बोलू नकोस, म्हणाली, आणि पुन्हा हसली. अक्कांनी ती गोष्ट पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. दर वेळी माझ्या इडलीपाशी लोक हसत, आणि दर वेळी माझ्या हातांना घाम सुटे.

निघायच्या दिवशी शैला घरी अंगणात खुर्चीवर बसली होती. डोळे पांढरे झाले होते. मी तिला विचारलं, आता दुखतं का गं? ती म्हणाली, "नोव होतु."

होतु हा कानडी शब्द, कानाला मराठी होतं वाटणारा. पण मी आता शहाणी झाले होते. "होतं की गेलं?" मी विचारलं.

"गेलं गं. आणि होतं म्हटलंस तरी एकच की."

परतीच्या गाडीत लोंढ्याचं जंगल मी पाहिलं. पानं ओली होती, कुठेतरी मोर ओरडत होता. त्याआधी धारवाड स्टेशनात गाडी थांबली होती तेव्हा उतरून त्या म्हातारीला जाऊन सांगावंसं वाटलं, की तुम्ही म्हणालात ते मला कळलं नव्हतं. पण गाडी थोडाच वेळ थांबते, आणि तिच्या ओट्यावर त्या वेळी दुसरं कुणीतरी बसलेलं असणार. तो सदरा घेऊन बसलेल्या माणसाचं मूल बरं झालं का, हे मला अजून माहीत नाही. विचारायचं धाडसही होत नाही.

यावर शहाण्यासारखं काही लिहावं म्हणून हा लेख मी बरेच दिवस अडवून ठेवला. स्तोत्राने माझ्या मुलीला वाचवलं असं मी म्हणणार नाही. वाचवलं डॉक्टरांनी आणि कुणा अनोळखी माणसांच्या रक्ताने. आणि नऊचा त्या सगळ्याशी काही संबंध नव्हता, तो माझ्या कानांचा घोटाळा होता, हेही मला पक्कं ठाऊक आहे. तरी रोज सकाळी नऊच्या सुमाराला तीच भीती परत येते. कढईत फोडणी असो, दारात कुणी उभं असो, माझे ओठ आपोआप हलायला लागतात. शेजारीण विचारते, मुलगी तर ठणठणीत झाली ना, मग अजून कशाला? तिला काय सांगायचं? म्हातारीने सोडायचं केव्हा ते अगदी स्पष्ट सांगितलं होतं. लेकीचं नोव गेलं. माझं अजून जायचंय.